उजव्या खांद्यावरून गेलेला गोल

रविवारी सकाळी साडेसातला ऊर्होने सेल्माच्या हॉटेलचं दार खांद्याने ढकललं, बुटांवरचा बर्फ आपटून झाडला आणि टोपी न काढताच सांगितलं, "मॅच गेली. दोन-एक."

तेव्हा कुठे गावाला कळलं. आदल्या संध्याकाळी बर्फाच्या वादळाने रेडिओ बंद पाडला होता. एक-एक अशी बरोबरी, ज्यादा वेळ सुरू झालेला, आणि नेमकी तेव्हाच खरखर. त्यानंतर कॉलेजच्या मुलींच्या संघाचं काय झालं, हे टॅमरॅक हार्बरमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. संघाची बस ऊर्हो चालवायचा. रात्रभर बर्फातून बस हाकत तो नुकताच पोचला होता आणि घरी न जाता आधी इथे आला होता.

"घरी फोन तरी केलास का?" सेल्माने विचारलं.

"केला असता तर बायकोने तुला सांगितलं असतं, तू सगळ्यांना सांगितलं असतंस, आणि मी इथे येऊन काय सांगणार होतो? हवापाणी?"

खिडकीजवळच्या टेबलावर रेनो कॅलिओ आणि विल्बर बसले होते. विल्बर खाणीतून निवृत्त झालेला, रेनो कॉलेजच्या बर्फाच्या मैदानावरून. एकोणतीस वर्षं रेनोने बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवली होती. त्याच्यापुढे एक कोरा कागद होता आणि शेजारी पत्र्याच्या डबीत तीन पेन्सिली. डबी लेंपीची. लेंपी त्याची बायको. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती गेली, आणि आता जानेवारी संपत आला होता.

"गोल कुणाचा?" विल्बरने विचारलं.

"अरे, मला आधी कॉफी तर घेऊ दे!"

"कॉफी कोण ओतणार ते ठरायचंय अजून. गोल कुणाचा ते सांग."

हा त्या टेबलाचा नेम होता. आपल्या संघावर झालेला प्रत्येक गोल कुणाच्या तरी नावावर लिहायचा. कधी गोलकीपरच्या, कधी मागे राहिलेल्या बचाववालीच्या, कधी प्रशिक्षकाच्या, कधी पंचाच्या. ज्याचं नाव निघेल त्याने उठून सगळ्यांना कॉफी ओतायची. पंच हजर नसतो म्हणून तो सुटायचा. हा नेम लेंपीने घालून दिला आणि एकतीस वर्षं चालवला. ती शाळेत कारकून होती, हॉकी कधी खेळली नाही, पण तिच्या कागदाला कॉलेजचे चार प्रशिक्षक मान देऊन गेले. एका पानावर गोलची चौकट काढलेली. आलेला प्रत्येक फटका म्हणजे एक ठिपका, झालेला गोल म्हणजे फुली, आणि फुलीपुढे नाव. चौऱ्याऐंशी साली तिने एका फुलीपुढे 'रेनो' लिहिलं होतं, कारण त्याच्या गाडीने बर्फावर पाण्याचं डबकं सोडलं आणि खेळायचा पक, म्हणजे रबरी चकती, त्यात अडकून भलतीकडे वळला. रेनोने त्या दिवशी नऊ जणांना कॉफी ओतली आणि दोघांच्या मांडीवर सांडली.

ती गेल्यावर कागद रेनोने चालू ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या सामन्याला तो डबी घेऊन गेला, एवढंच.

"हं, ऐका," ऊर्हो खुर्ची उलटी फिरवून तिच्यावर बसला. "त्यांची ती उंच पोरगी, नऊ नंबर. डावीकडून आली. आपली बचाववाली तिच्या अंगावर होती, जागेवर होती, तिची काही चूक नाही. नऊ नंबरने पक उचलला आणि गोलमध्ये उभ्या आपल्या डार्सीच्या उजव्या खांद्यावरून आत. स्टिकच्या हाताकडून. मी गोलच्या मागेच उभा होतो. पाणी पिण्याची बाटली उडाली जाळीवरची."

"आणि डार्सी?"

"डार्सी डावीकडे झुकलेली. डावा हात असा उघडून. जणू कुणी तिकडून सफरचंद फेकणार आहे."

विल्बरने मान हलवली. "म्हणजे डार्सीचा."

"मला पण तसंच वाटतं," ऊर्हो हळू म्हणाला. "पण पोरीने बेचाळीस फटके अडवले रे. बेचाळीस! एकदा तर पाठीवर पडून बुटाने अडवला. आणि बसमध्ये सगळ्यात मागे बसून रडत होती. म्हणाली, सामान भरते आणि घरी जाते, बटाटे काढायला."

"जानेवारीत कसले बटाटे काढतेस म्हणावं," सेल्मा म्हणाली. पण तिचाही चेहरा पडला होता.

डार्सी पेल्टो एकोणीस वर्षांची होती, बटाट्याची शेती असलेल्या घरातली. तिच्या गावच्या शाळेत मुलींचा संघ होईल इतक्या मुली नव्हत्या म्हणून ती मुलांच्या संघात गोलमध्ये उभी राहायची. पहिल्याच वर्षी कॉलेजच्या गोलमध्ये आली. आता मात्र प्रशिक्षक जोअॅन ट्रुडेलने सांगितलं होतं, की शुक्रवारी सेंट ऑड्रीशी घरच्या बर्फावर सामना आहे, आणि हा गोल डार्सीच्या नावावर लागला तर शुक्रवारी दुसरी मुलगी उभी राहील. पहिल्या वर्षाची पोर एकदा बाकावर बसली की तिथेच बसून राहते, हे टेबलावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

रेनोने पेन्सिल उचलली. चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात त्याने नीट फुली मारली. पुढे नाव लिहायला हात नेला आणि थांबला.

"लिही," विल्बर म्हणाला.

"लिहितो ना. घाई काय आहे?"

"लेंपीने आत्तापर्यंत लिहून दुसरा कप संपवला असता."

"म्हणून तर तिला लग्नाला विचारायला मला दोन वर्षं लागली, आणि तिला हो म्हणायला दोन सेकंद."

तिघंही हसले. रेनोसुद्धा. मग पुन्हा कागदाकडे बघत बसला. लेंपी असती तर तिने काय लिहिलं असतं, हे त्याला कळत नव्हतं. तो मैदानावर नेहमी, निवृत्तीनंतरही, गोलच्या मागे, गाडीच्या फाटकाशी उभा राहायचा. तिथून गोलकीपरची पाठ दिसते. लेंपी त्याच्या बरोबर समोरच्या टोकाला, सहाव्या रांगेत. सत्र संपून संघांनी बाजू बदलल्या की हे दोघंही बाजू बदलायचे. तो बर्फ घासून येईपर्यंत ती निघालेली असायची, आणि मधल्या बोळात भेटली की त्याच्या हातावर खारट ज्येष्ठमधाची एक गोळी ठेवायची. एकतीस वर्षांत दोघांनी एकही सामना शेजारी बसून पाहिला नाही.

सव्वाआठला जोअॅन आली. मागून डार्सी. हरल्यावर गोलकीपरने रविवारी येऊन निकाल ऐकायचा, हाही नेमच. डार्सीने संघाची टोपी डोळ्यांपर्यंत ओढली होती आणि कोटाची चेन उघडली नव्हती, म्हणजे लवकर निघता येईल.

"बस गं," सेल्मा म्हणाली. "निसू गरम आहे."

निसू म्हणजे वेलची घातलेला वेणीसारखा पाव. डार्सीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आधी निकाल सांगा, मिस्टर कॅलिओ," ती म्हणाली. "मला माहीत आहेच."

जोअॅनने उभ्याउभ्याच टेबलावरचा कागद आपल्याकडे ओढला. तिला आदल्या दिवशी बाकावरून नीट दिसलं नव्हतं. बाकावरून फक्त दहा पोरींचे पाय आणि पाठी दिसतात. तिने फुलीकडे पाहिलं आणि कागद खाली टाकला.

"पुन्हा डावी बाजू! डार्सी, सहा आठवडे आपण काय करतोय? रोज दोनशे पक डाव्या हातावर मारतेय मी तुला! दोनशे!"

"डावी कुठे?" ऊर्हो म्हणाला. "उजवी. मी गोलच्या मागे होतो."

"कागद डावी म्हणतोय."

"कागद काय म्हणतोय ते मला कशाला सांगतेस, कागदाला मीच सांगितलंय!"

"रेनो, फुली कुठे आहे?" जोअॅनने विचारलं.

"उजवीकडे," रेनो म्हणाला. "दिसत नाही का? ही काय, उजवीकडे."

"हो, कागदाच्या उजवीकडे. म्हणजे हिची डावी बाजू."

"कागदाच्या उजवीकडे म्हणजे हिची उजवी बाजू."

"अहो, ती आपल्याकडे तोंड करून उभी असते!"

"माझ्याकडे पाठ करून उभी असते," रेनो म्हणाला.

आणि बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. त्याने कागद हातात घेतला. मग टेबलाखालच्या पिशवीतून जुने कागद काढले, नोव्हेंबरपासूनचे, हातातला धरून दहा. त्यांच्या खाली लेंपीचा शेवटचा. लेंपीच्या कागदावर चौकटीखाली बारीक अक्षरात एक ओळ असायची, प्रत्येक पानावर, एकतीस वर्षं: 'मारणारीला दिसतं तसं.' ती ओळ त्याने रोज बघितली होती. आपल्या कागदांवर नीट उतरवूनही घेतली होती. तिचा अर्थ काय, हा विचार मात्र एकदाही केला नव्हता.

दहाही पानांवर डार्सीवर झालेले गोल कागदाच्या उजवीकडे गर्दी करून बसले होते. जोअॅनने ते लेंपीच्या पद्धतीने वाचले होते. म्हणजे डावा हात कच्चा. आणि सहा आठवडे तिने डावा हात पक्का केला होता. पोरगी शिकली, डावीकडे झुकायला लागली, आणि आधीच कच्ची असलेली उजवी बाजू सताड उघडी पडली.

सेल्माच्या हातातली किटली तशीच अधांतरी.

"डार्सी," रेनोने विचारलं, "तुझ्यावर गोल कुठून होतात?"

डार्सीने टोपी वर सरकवली. "उजवीकडून, मिस्टर कॅलिओ."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, मलाच चुकीचं आठवतंय. आल्या दिवसापासून सगळे सांगत होते, लेंपीबाईंचा कागद कधी चुकत नाही. आणि तुम्ही ती डबी घेऊन काचेमागे इतकं..." ती थांबली. "तुम्ही जीभ बाहेर काढून लिहिता. तुम्हाला माहीत आहे का?"

"मला माहीत होतं," सेल्मा एकदम म्हणाली.

"जीभ?"

"जीभ सगळ्यांना माहीत आहे. कागद. ख्रिसमसच्या आधी मी तुझ्या खांद्यावरून बघितला होता. मला वाटलं, हे उलटं आहे. पण म्हटलं, आत्ताच कशाला."

विल्बर खिडकीबाहेर बघायला लागला.

"विल्बर?"

"मला वाटलं ऊर्हो सांगेल."

"मी?" ऊर्हो ओरडला. "मला वाटलं तू सांगशील! तुझी ओळख जुनी!"

"म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून," रेनो सावकाश म्हणाला, "तुम्ही तिघांनी मिळून या पोरीला सहा आठवडे चुकीच्या बाजूला उभं केलंत."

"आणि रोज दोनशे पक," जोअॅन म्हणाली. तिचे ओठ थरथरत होते. रेनोला वाटलं, ही आता रडणार किंवा टेबल उलटं करणार. पण तिला हसू आवरत नव्हतं. "आठ हजार पक, रेनो! जेवताना कुणी मीठ पुढे केलं तरी ती डाव्या हाताने हवेत झेलते!"

डार्सी आधी हसली नाही. मग फुसकन हसली, आणि मग नाक पुसत, टोपी काढून, खुर्चीत बसूनच हसायला लागली. ऊर्होने टेबलावर मूठ आपटली. सेल्मा किटली धरून कोपऱ्यात वाकली. लेंपी गेल्यापासून त्या टेबलावर कुणी इतक्या मोठ्याने हसलं नव्हतं. रेनोसमोर सगळे जरा दबकून असायचे. आपल्याला काचेचं भांडं समजून हे सगळे चालत होते, हे रेनोला आत्ता कळलं, आणि राग यायच्या ऐवजी त्याला भूक लागली.

त्याने पेन्सिल घेतली आणि फुलीपुढे लिहिलं: 'रेनो.' चौऱ्याऐंशीनंतर दुसऱ्यांदा.

मग उठला. सेल्माच्या हातातून किटली घेतली आणि डार्सीपासून सुरुवात केली.

"थांब, थांब," विल्बर म्हणाला, "मांडीवर रुमाल घेऊ दे सगळ्यांना."

"सहा आठवडे गप्प बसलास तसाच अजून दोन मिनिटं बस," रेनो म्हणाला, आणि त्याचा कप काठोकाठ भरला. इतका, की विल्बरला खाली वाकून तोंड लावूनच प्यावं लागलं.

डार्सीने निसूचे तीन तुकडे खाल्ले. कोटाची चेन तिने कधी उघडली ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"शुक्रवारचं काय?" तिने शेवटी विचारलं.

जोअॅनने बोटांवर मोजलं. "आज, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. पाच दिवस. उजवी बाजू. तू उभी राहणार आहेस, बटाटे राहू देत. आणि मारायला मला माणसं लागतील, माझा खांदा गेलाय."

"माणसं आहेत की," ऊर्हो म्हणाला. "रात्रभर झोपलो नाही तरी काय झालं?"

दुपारी सगळे कॉलेजच्या मैदानावर गेले. ऊर्हो स्वेटरवर मुलाची जुनी जर्सी चढवून बर्फावर आला आणि दोन मिनिटांत घसरून खाली बसला. विल्बर मात्र खाणीच्या संघात खेळलेला होता. तो त्या वयातही डार्सीच्या उजव्या खांद्यावर पक असा उचलून मारत होता की जोअॅन त्याला पोरींच्या संघात घ्यायला निघाली. पहिले वीस पक आत गेले. पुढच्या वीसातले बारा. मग डार्सीने स्टिकचा, फळी बांधलेला हात थोडा वर धरला, पाव पाऊल उजवीकडे सरकली, आणि थाड थाड आवाज यायला लागले. प्रत्येक वेळी ती, ऊर्होने चिडवलेलं लक्षात ठेवून, ओरडायची, "सफरचंद!"

रेनो सवयीने गाडीच्या फाटकाकडे निघाला होता. अर्ध्या वाटेत वळला. बोळातून पलीकडे गेला आणि सहाव्या रांगेत लेंपीच्या जागी बसला. खुर्ची थंडगार होती. त्याने समोर पाहिलं. एकतीस वर्षं तो ज्यांच्या पाठी बघत आला, त्यातल्या एकीचा चेहरा त्याला पहिल्यांदा समोरून दिसत होता. जाळीच्या मुखवट्याआड पोरगी दात काढून हसत होती. तिच्या मागे काच होती, आणि काचेमागे गाडीचं फाटक, तिथे तो स्वतः उभा असायचा ती जागा. लेंपीला एकतीस वर्षं हे दिसत होतं: पुढे गोलकीपर, आणि बरोबर तिच्या डोक्यावर, काचेला नाक लावून उभा असलेला रेनो. जीभ बाहेर काढलेला, बहुतेक.

"अहो मिस्टर कॅलिओ!" डार्सी बर्फावरून ओरडली. "आता लिहा! कुठून अडवला?"

"तुझ्या उजवीकडून!" तो ओरडला. "कागदाच्या डावीकडून!"

"शाब्बास!" ऊर्हो खाली बसल्याबसल्या म्हणाला. "दोन बाजू कळायला लेकाला सत्तर वर्षं लागली."

घरी येईपर्यंत साडेतीन वाजले होते आणि खिडकीत अजून भरपूर उजेड होता. रेनोने दहा कागद काढले. एकेक कागद त्याने खिडकीच्या काचेवर पालथा धरला. मागून उजेड आला, की सगळे ठिपके आरपार दिसायचे, आणि डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे झालेले असायचे. ते ठिपके त्याने पेन्सिलीने मागच्या बाजूला गिरवले. फुल्या गिरवल्या. खाली नव्याने ओळ लिहिली, 'मारणारीला दिसतं तसं,' आणि या वेळी ती लिहिताना त्याला मारणारी दिसत होती. पाचव्या कागदापर्यंत हात दुखायला लागला. त्याने एक ज्येष्ठमधाची गोळी तोंडात टाकली. डबीत पेन्सिलींखाली त्या अजून अकरा होत्या. आता दहा.

दहावा कागद संपला तेव्हा बाहेर सूर्य सरोवरावर टेकला होता. पिशवीत आणखी एक कागद उरला. तो लेंपीचा होता, तिच्या शेवटच्या सामन्याचा, ऑक्टोबरातला. तो पालथा करायची गरज नव्हती. ठिपके बरोबर जागी होते, दोन सत्रांतल्या फुल्यांपुढे नावं होती. तिसऱ्या सत्रातला एक गोल तेवढा नावाशिवाय. त्या दिवशी बोळात भेटल्यावर ती म्हणाली होती, "दमले रे. याचं उद्या बघू."

तो गोल रेनोने मागून पाहिला होता, लेंपीने समोरून. त्याने पेन्सिल घेतली, बराच वेळ आठवून पाहिलं, आणि पेन्सिल परत डबीत ठेवली.

शुक्रवारी डार्सी गोलमध्ये उभी राहणार आहे. कॉफीसाठी सेल्माने मोठी किटली काढून ठेवली आहे. दहा कागद सरळ झाले. अकराव्यावरच्या त्या एका गोलापुढे नाव लिहायचं राहिलं आहे.